करून पाहणाऱ्या बाई

“करून पाह्यलं का?”

हा प्रश्न विचारताना बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि हनुवटी पुढे काढून बघत राहायच्या. समोरचा माणूस हो की नाही ते सांगेपर्यंत चष्मा खाली यायचा नाही. नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या आमच्या जाम गावच्या शाळेत शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी तो प्रश्न झेललेला आहे. मी तर त्याच शाळेत मराठी शिकवणारी आणि वरून भिंतीला भिंत लागून शेजारीण, त्यामुळे माझी सुटका नव्हतीच. वरणात चिंचेऐवजी आमचूर टाकला की चव बिघडते, असं मी एकदा सहज बोलून गेले. संध्याकाळी बाई दोन वाट्या घेऊन दारात हजर. एकीत चिंचेचं वरण, दुसरीत आमचुराचं. मला डोळे मिटून ओळखायला लावलं. मला ओळखता आलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

बाई अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायच्या. प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे आधी आणि प्रयोग जमला तर नंतर, अशी आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाईंच्या प्रयोगशाळेत ती चालत नसे. एका मुलाने लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं तंतोतंत आणलं. बाई वही पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “इतकं बराबर कसं आलं रे बाबू? आपला दोरा तं उंदरानं कुरतडला हाय.” सगळा वर्ग हसला, तो मुलगाही हसला. “जे निघालं थेच लिहा,” बाई म्हणाल्या. “वाकडं निघालं तं वाकडं लिहा. मी काही खाणार नाई तुमाले.”

पुढे हे हसणारे वर्गच राहिले नाहीत. मुलं नावाला आमच्या शाळेत आणि शिकायला नागपूरच्या क्लासला, असा नवा जमाना आला. हजेरीपटावर वर्ग भरलेला आणि बाकांवर धूळ. आमच्यातल्या काहींना ते बरंच वाटलं, कारण पगार चालू आणि घसा शाबूत. बाई मात्र तासाची घंटा झाली की खडू घेऊन त्या रिकाम्या खोलीत जायच्या, फळा पुसायच्या आणि खिडकीशी उभ्या राहायच्या. पुढे पुढे त्या भिंगं आणि लोहचुंबकं पिशवीत घालून पाचवीच्या वर्गात जाऊ लागल्या. तिथे इतका कल्ला व्हायचा की पाचवीच्या गुरुजींनी तक्रार केली. तेही बंद झालं.

त्या दिवशी शाळेतून परत येताना बाई रस्त्यातच थांबल्या. “ताई, मले शिकवाले पोरं पाह्यजेन,” असं म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या. इतकं साधं मागणं आणि ते आपल्या जिल्ह्यात पुरं होऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

भूतानमध्ये विज्ञानाचे शिक्षक हवे आहेत, हे त्यांना मोबाइलवर कुठेतरी दिसलं. मुलाखत आमच्या घरून दिली, कारण इंटरनेट आमचं बरं. मे महिना, आणि आवाज जातो म्हणून कूलर बंद, चौकातल्या ट्रकांमुळे खिडक्याही बंद. बाईंचा पदर घामाने चिंब झाला होता. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, आमच्याकडे हिवाळा कडक असतो, तुम्हाला सोसेल का? दुसरं कोणी असतं तर लगेच हो म्हटलं असतं. बाई इंग्रजीतून म्हणाल्या, “अजून माहीत नाही. करून बघते आणि कळवते.” मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला.

पण बाईंनी खरंच करून बघितलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही दोघी एसटीने हिंगणघाटला बर्फाच्या कारखान्यात गेलो. बाईंच्या पिशवीत स्वेटर, शाल, मोजे आणि थर्मामीटर. “मले आतमंदी थोडा वेळ बसू द्या,” त्या मालकाला म्हणाल्या. मालकाने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्याला माझ्याकडून हवं होतं. मी मान डोलावली. बर्फाच्या लाद्यांमध्ये पालथ्या खोक्यावर बाई बसल्या आणि मी बाहेर लिंबू सरबत प्यायले. कारखान्यातले हमाल आळीपाळीने येऊन डोकावून जात होते. बाई बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे आणि चेहरा प्रसन्न. “स्वेटर चालते, ताई. मोजे बदला लागन.”

तसं त्यांनी भूतानला कळवलंही. नोकरी मिळाली.

आता खरी अडचण पुढे आली. बाईंचे यजमान ऐन तिशीत तापाने गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून त्या घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंना आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंचा धाकटा मुलगा तिकडे आष्टीला, संत्र्याची शेती सांभाळून. तो लगेच आला आणि ओसरीत बसून म्हणाला, “वयनी, एकटी बाई परदेशात गेली तं लोक काय म्हणतीन? अन् आईचं काय?” लोकांचं बाईंनी हसण्यावारी नेलं. आईचं मात्र तसं नेता येण्यासारखं नव्हतं. काकूंनी आष्टीला जाऊन राहायचं, एवढाच एक मार्ग होता. काकू त्यावर हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्या बोलायच्याच बंद झाल्या.

“आई मनापासून जा म्हणन तंच जातो मी,” बाईंनी मला सांगून टाकलं. “नाई तं कळवून देतो, जमत नाई म्हणून.” कळवायची मुदत जवळ येत होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली होती; बाई शाळेत जात होत्या, फळा पुसत होत्या. मला त्या खोलीवरून जाववत नसे.

आणि एका सकाळी काकू गायब! चौकातल्या पानठेल्यावाल्याने सांगितलं, म्हातारी पिशवी घेऊन बसमध्ये चढली. दुपारी आष्टीहून फोन आला. काकू बाईंना एवढंच म्हणाल्या, “तू सारं करून पाह्यतं ना? मीबी पाह्यतो, मले इथं जमते का थे.” इतक्या दिवसांनी सासू बोलली म्हणून बाई फोन ठेवून रडल्या, आणि मग हसायलाही लागल्या.

आठवडाभराने काकू परत आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “जमते मले. मोकळी हवा हाय, नातवंडं हाय. तू जाय.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “आई, खरं सांगा.”

“करूनच तं आलो ना वं! आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?”

चष्मा खाली आला. त्याच संध्याकाळी बाईंनी होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर होते. बाई शाळेत गेल्यावर काकू माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “नाई जमलं वं मले तिथं. सून गुणाची हाय, पोरगं जीव लावते. पण दिवसभर सारे वावरात. बोलाव तं कोणाशी? झोपच येत नाई मले.” मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझा हात धरला. “थिले सांगजो नको. मी अडलो तं थे जन्मात जात नाई. थिचे पोरं तिथं वाट पाहून राह्यले असतीन.”

मी सांगितलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरचे म्हणतात, पण ही गोष्ट राहिली.

बाई गेल्या. तिथल्या डोंगरावरच्या शाळेत आता त्यांचा वर्ग गच्च भरतो. मुलं बोलताना शेवटी ‘ला’ लावतात, आपल्या ‘जी’सारखं, आदराने. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रयोगाचं काचेचं भांडं फोडलं, हे सांगताना बाईंचा आवाज आनंदाने फुटत होता. या वयात उठून, अनोळखी देशात जाऊन, पुन्हा नव्याने खडू हातात घ्यायचा! मला तर शाळेतला वर्ग बदलून दिला तरी जिवावर येतं.

बाई निघाल्या त्याच दिवशी धाकट्या मुलाने काकूंना आष्टीला नेलं होतं. महिना काही त्यांनी काढला नाही. एका दुपारी पिशवी घेऊन परत आल्या आणि आपल्या घराचं कुलूप उघडलं. मुलाला दम भरून आल्या होत्या, वयनीजवळ बोलशील तर याद राख. तेव्हापासून काकू इथेच आहेत. सकाळचा चहा त्यांचा, रात्रीची भाजी माझी.

दर रविवारी संध्याकाळी बाईंचा फोन येतो. बाईंच्या हिशेबी काकू आष्टीला. तो फोन घ्यायला काकू अगदी आतल्या स्वयंपाकघरात जातात, खिडकी लावतात, दार लावतात. कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि मी शेजारी. मागच्या रविवारी काकू म्हणाल्या, “मी मजेत हाओ वं इथं आष्टीले. लय शांत हाय इकडे.”

नेमका तेव्हाच चौकातून हैदराबादकडे वळणारा एक ट्रेलर असा काही भोंगा वाजवून गेला की फळीवरचे डबे थरथरले. पाठोपाठ दुसरा. काकूंनी फोन हाताने झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. पलीकडे बाईंनीही तो भोंगा ऐकला असणार. ध्वनी हा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवलेला आहे.

“हो आई,” बाई सावकाश म्हणाल्या. “लयच शांत हाय.”