निडीवालीची विहीर

आमची घरमालकीण, निडी गावची म्हणून निडीवाली, आधी माणसाचे डोळे बघायची, मग ताट वाढायची. शिफ्टवरून येऊन जेवायला बसलो की अंगठ्याने खालची पापणी ओढून आमचं तोंड उजेडाकडे फिरवायची. "ए परभणी, डोळा दाव!" रोह्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या आम्हा भाडेकरू पोरांना ती जिल्ह्याच्याच नावाने हाक मारायची. नवरा काविळीत गेलेला. म्हणून डोळा जरा पिवळा वाटला की माणूस ओढत दवाखान्यात न्यायची.

आठवीतून शाळा सोडून मी आलो तेव्हा तिच्या खोल्या भरलेल्या होत्या. सून वैतागली, "आई, आता काय माळ्यावर झोपवता?"

"झोपेल की! एवढ्या लांबून आलाय, परत धाडू?"

मी खरंच माळ्यावर झोपलो. परक्या गावात डोक्यावर छप्पर मिळालं, ते तिच्यामुळे.

माझ्यासारखे येतच राहिले. दोन खोल्यांच्या आठ झाल्या, शेजाऱ्यांनीही बांधल्या. संडासाचा खड्डा भरून वाहायला लागला, आणि दुसरा खणायला जागा उरली होती ती विहिरीला लागून. गवंडी कुरकुरला. ती म्हणाली, "मग पोरांनी जायचं कुठं? माझ्या डोक्यावर?" खड्डा तिथेच झाला. आम्ही प्यायचो ते विहिरीचं पाणी दिसायला नितळच होतं.

पाऊस सरता सरता पोरं एकेक करून काविळीने पडली. सून पोटुशी होती, तिलाही झाली. पोटुशीला ही कावीळ फार वाईट, हे डॉक्टरांनी पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं तेव्हा कळलं. मुलगा गाडी चालवत होता, मी शेजारी. वडखळच्या अलीकडे ट्रकांमागे अडकलो. मागून निडीवालीचं एकच चाललेलं, "बोल गो, कायतरी बोल. माझ्यावर रागव तरी."

मूल पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी सून.

तेरावं झाल्यावर तिने सगळ्यांना खोल्या सोडायला लावल्या. "जा. माझ्याकडं राहिलात तर मराल." मला मात्र पेणला, रामवाडीत आपल्या बहिणीच्या घरी लावून दिलं. इथे पाणी भरायच्या आधी खड्डा कुठे आहे ते मी बघून घेतलं. अजूनही घोट घेताना जीव धास्तावतो.

शिमग्याला तिला भेटायला गेलो. ऊन मी म्हणत होतं. तिने ओसरीवर बसवलं, हातावर नुसता गुळाचा खडा ठेवला आणि विहिरीकडे पाठ करून बसली.

"एस्टीत पाणी पिऊन आलास ना?"

प्यालो नव्हतो.

"व्हय," म्हणालो.