केशवभाऊंचं बजेट आणि पल्लवीचा एक्स-रे

अंदाजपत्रक हे माणसाच्या चारित्र्याचं सर्वांत प्रामाणिक चित्र असतं. तोंडाने तो काहीही बोलो, कशावर किती खर्च करायचा हे त्याने कागदावर मांडलं की त्याची श्रद्धा, त्याची भीती आणि त्याची माया सगळी रकान्यांत उभी राहते. हे विचार माझे नाहीत. नागभीडचे केशवभाऊ ते दर हिवाळ्यात नाटकाच्या मंचावरून माइक हातात घेऊन मांडत आणि दर हिवाळ्यात टाळ्या घेत. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या परदेशी जाण्याच्या अंदाजपत्रकात हारतुऱ्यांना चार हजार रुपये होते आणि तिच्या वैद्यकीय तपासणीला, ‘किरकोळ’ या सदराखाली, पाचशे.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होत आलं. बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, पांढऱ्या सफारीतला, खिशाला दोन पेनं लावणारा हा माणूस माझा समोरचा शेजारी. माझ्या वडिलांना शेवटच्या आजारात नागपूरला न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यांनीच मिळवली होती, आणि ड्रायव्हर सकाळपासून उपाशी आहे हे फक्त त्यांच्याच लक्षात आलं होतं. त्यांच्याविषयी चांगलं लिहायला मला अवघड जाऊ नये. पण त्यांची आठवण आली की आधी शिसारी येते आणि माया नंतर, धापा टाकत पोहोचते. त्याच क्रमाने लिहितो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की गावोगावी नाटकं लागतात. गावचं मंडळ वडशाहून नाटक कंपनी ठरवतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, कारण आधी उद्घाटन व्हायचं असतं. पत्रकावर नाटकाचं नाव बोटभर आणि खाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी यांची हातभर यादी. नाव छापलं की देणगी येते. भाऊ मंडळाचे खजिनदार होते आणि या शास्त्रातले आचार्य. “सर,” ते मला म्हणायचे, “मानसाले मंचावर खुर्ची द्या. खिशातला हात आपोआप बाहेर येते.” मंडपवाल्या रफीकभाईंचं भाडं त्यांनी एकदाही दिलं नाही. रफीकभाई कायमचे सहउद्घाटक होते. ते म्हणायचे, “भाऊ, मले एखाद वर्षी प्रेक्षक करा ना. परवडत नाई आता उद्घाटन.”

पल्लवी ही भाऊंची एकुलती मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. मी शिकवतो त्या कनिष्ठ महाविद्यालयात ती माझ्याकडे इंग्रजी शिकली. मोजकं बोलणारी, पण बोललेलं मागे न घेणारी. तिचं लग्न सचिनशी झालं. तो कॅनडात गोदामं सांभाळणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला आणि पल्लवी व्हिसाची वाट पाहत वडिलांकडे राहिली. तिने तिकडे नवऱ्याजवळ जायचं की इथेच बसायचं हे आता तिकडच्या सरकारच्या हाती होतं. अर्ज पुढे सरकला आणि वैद्यकीय तपासणीची सूचना आली. ती वाचून घ्यायला भाऊ माझ्याकडे आले, सोबत आपलं बजेट घेऊन.

मी वाचून सांगितलं. तपासणी कॅनडा सरकारच्या यादीतल्याच डॉक्टरकडे करायची, आपल्याला सोयीचा म्हणजे हैदराबादचा. अंगाची तपासणी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. फी काही हजारांत जाईल. रेल्वे, लॉज, जेवण वेगळं. आणि काही शंका आली तर पुढच्या तपासण्या, पुन्हा मुक्काम. त्यासाठी हाताशी रक्कम ठेवायला हवी.

“एक्स-रे तर आपल्या इथी तीनशेत होते,” भाऊ म्हणाले. “मी पाचशे धरले आहे.”

“इथला त्यांना चालत नाही.”

“काऊन नाई चालत? हाडं तेच आहे ना!”

“हाडांचा प्रश्न नाही, भाऊ. पल्लवीला दहावीत टीबी झाला होता. फुप्फुसावर डाग राहिला असेल. ते विचारणारच.”

भाऊंनी उठून माझ्या घराचं दार लावलं. “हळू बोला, सर. ते बाब बंद झालेली आहे.” खात्यात फाईल बंद करतात त्याच सुरात म्हणाले. मग खाली बसून त्यांनी मला पुढचं सदर वाचून दाखवलं: निरोप समारंभ.

मी म्हणालो, व्हिसा अजून आलेला नाही. ते म्हणाले, येईलच. पण नाटकाचा मंडप अजून उभा आहे, रफीकभाई तो परवा काढून राह्यले, आत्ता केलं तर मंडपाचा खर्च शून्य. हिशेब बिनतोड होता. म्हणून तपासणीच्या आधी समारंभ झाला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पल्लवीच्या फोटोमागे बर्फाचे डोंगर आणि एक विमान. पत्रकात उद्घाटक होते, सहउद्घाटक होते. एका मुलीच्या सासरी जाण्याचं उद्घाटन कसं करतात हा प्रश्न मला पडला होता. फीत कापून करतात. भाषणं मध्यरात्रीपर्यंत चालली. प्रत्येक वक्त्याने सांगितलं की आज गावाची लेक सातासमुद्रापार जात आहे. लेक मंचावर पहिल्या खुर्चीत बसून जांभया गिळत होती. देणगी चांगली जमली, आणि त्यातली बरीचशी जेवणावळीत गेली.

चार दिवसांनी आम्ही तिघांनी बल्लारशाहून गाडी धरली. मला इंग्रजीसाठी नेलं होतं. “तुमचं तिकीट धरलं आहे बजेटात,” भाऊंनी उपकार केल्यासारखं सांगितलं. गाडीत ते पल्लवीला एकच गोष्ट पढवत होते. “आधी कोनता आजार होता का म्हनून विचारन. तू नाई म्हनजो. लहानपणी गोवर झाला, संपलं.” पल्लवी खिडकीबाहेर पाहत होती. मलाही त्यांनी साक्षीत ओढलं, “सांगा ना सर तिले.” मी म्हणालो, मी भाषांतर करीन, खोटं बोलणार नाही. भाऊ दुखावले. मला वाटतं, ती त्यांच्या दृष्टीने तिकिटाशी केलेली बेइमानी होती.

डॉक्टरने पल्लवीला एकटीलाच आत घेतलं. नियमच तसा होता, त्यामुळे मी आणि भाऊ बाहेर बाकावर. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

“सांगतलं बाबा मी,” ती म्हणाली.

“काय सांगतलं?”

“टीबी झाला होता म्हनून.”

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. बाकावर पंजाबी होते, तेलुगू होते. नागभीडचं कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून ते म्हणाले, “अवं, सचिनच्या घरी कळलं तर?”

“सचिनले लग्नाआधीच सांगतलं आहे मी.”

“मले न विचारता?”

“तुमाले विचारलं असतं तर तुमी हो म्हनले असते का?”

मग डॉक्टरने आम्हाला आत बोलावून काचेवर लावलेला फोटो दाखवला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक पांढुरकी रेघ होती. “पुराना दाग है,” तो शांतपणे म्हणाला. “इलाज के कागज हैं?” कागद नव्हते. गावात नाव कुठे लागू नये म्हणून भाऊंनी सगळा इलाज नागपूरच्या खासगी दवाखान्यात केला होता, शेताचा एक तुकडा विकून, आणि मुलगी बरी झाल्यावर चिठ्ठ्या चुलीत घातल्या होत्या. ते यातलं काही बोलले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, मशीन की काच को धूल होंगी. पोंछ के एक बार और निकालो.” डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. याचं भाषांतर करण्याची गरज नव्हती.

थुंकीचे नमुने लागोपाठ तीन सकाळी द्यायचे आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहायला दोन महिने थांबायचं, असं ठरलं. वाढले नाहीत तर मार्ग मोकळा. वाढले तर पुन्हा औषधं, आणि नवरा आणखी वर्षभर दूर. खर्च तिप्पट झाला. तो सचिनने पाठवला. भाऊंनी ती रक्कम जमेच्या बाजूला ‘जावईबापूंची देणगी’ म्हणून मांडली.

नमुने देऊन झाल्यावर खरं तर घरी परत यायचं होतं. पण घरी कसं येणार? पल्लवीचा निरोप झालेला होता. चौकात तिच्या मागे विमान होतं. भाऊंनी येतायेताच तिला गडचांदूरला आपल्या चुलत बहिणीकडे उतरवलं आणि मला म्हणाले, “कोनी विचारलं तर गेली म्हना.” गडचांदूर म्हणजे सिमेंट. चुनखडीच्या खाणी, ट्रकांची रांग, आणि झाडाच्या पानापासून भाताच्या ताटापर्यंत बसणारी राखाडी भुकटी. फुप्फुसाचा निकाल ज्या मुलीला हवा होता तिला या माणसाने, इज्जतीसाठी, ट्रकांच्या रस्त्याकडेच्या खोलीत लपवलं.

मी एकदा तिला भेटायला गेलो. ती दोरीवरचे कपडे झटकत होती, आणि प्रत्येक झटक्यासरशी ढग उठत होता. तोंडाला ओढणी बांधलेली.

“कशी आहेस?”

“मजेत आहो, सर. कॅनडात बर्फ पडून राह्यला.” तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून मला दाखवलं. मग ओढणी खाली करून म्हणाली, “खोकला आला का जीव दचकते. धुळीचा आहे का आतला, काई समजत नाई. रात्री सचिनशी बोलते तर तो म्हनते, घरी काऊन जात नाई? त्याले काय सांगू? माझा सत्कार झाला म्हनून?”

परत आल्यावर मी भाऊंना जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “दोन महिने तर आहे, सर. लोकायले काय तोंड दाखवू?” त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या क्षणी मला त्या डोळ्यांचाही वीट आला. मुलीसाठी शेत विकणारा आणि तिला सिमेंटमध्ये ठेवणारा माणूस एकच होता. मला त्याचा हिशेब लागला नाही, आजही लागत नाही.

बिंग रफीकभाईंनी फोडलं, तेही न ठरवता. लग्नाचं काम घेऊन ते गडचांदूरला गेले होते. आठवडी बाजारात त्यांना पल्लवी भाजी घेताना दिसली. आल्याबरोबर त्यांनी भाऊंना चौकातच गाठलं.

“काहो भाऊ, कॅनडात वांगे काय भाव आहे?”

“काऊन?”

“नाई, पल्लवी घासाघीस करून राह्यली होती म्हनून विचारलं.”

भाऊ म्हणाले, ती तिच्यासारखी दिसणारी भाची. रफीकभाई म्हणाले, “असन. मले तर तिनंच सलाम चाचा म्हनलं.”

हे फोनवरून पल्लवीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उन्हात, ती एसटीने नागभीडला उतरली. बॅग खांद्यावर घेऊन चौकातून सरळ चालत घरी आली. लोकांनी विचारलं, “काव पल्लवी, आली का?” ती म्हणाली, “गेलीच कुठी होती? तपासनी चालू आहे.” बस्स. दोन दिवस कुजबुज झाली आणि तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरं काही मिळालं. भाऊ आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. पण रोज सकाळी दूध आणायला जायचं काम त्यांनी गड्याकडे न देता स्वतः अंधारात उठून केलं. तिला म्हशीचं बिनपाण्याचं दूध लागतं म्हणून. हेही लिहायला हवं.

निकाल आला. जंतू वाढले नव्हते. महिन्याभराने व्हिसाही आला, त्याला एक अट जोडून: तिकडे पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत आरोग्य खात्याकडे जाऊन छाती दाखवायची. ज्यांना पूर्वी हा आजार होऊन गेला त्यांच्यासाठीची ही साधी अट. मी भाऊंना नीट समजावून सांगितली. पल्लवी गेली तेव्हा स्टेशनवर आम्ही दोघंच होतो. हार नव्हते. भाऊंनी गाडी सुटेपर्यंत तिच्या बॅगेची चेन तीन वेळा उघडून लावली.

मात्र ती गेल्यावर त्या अटीने त्यांच्या तोंडात वेगळाच आकार घेतला. संध्याकाळी रफीकभाईंच्या गोदामापुढे खुर्च्यांवर चौघे बसायचे. तिथे भाऊ सांगू लागले, “कॅनडा सरकारनं आपल्या पल्लवीची तब्येत पाहाले खास डॉक्टर नेमला. सगळ्यायसाठी नाई करत ते.” लोक माना हलवत. मी वर्तमानपत्र वाचत असे.

एका संध्याकाळी तिथेच तिचा फोन आला. भाऊंनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“गेलती का डॉक्टरकडे?”

“गेलती, बाबा. लाईन होती मोठी. नर्सनं फोटो काढला. साफ आहे म्हने. सहा महिन्यानं परत या म्हनलं.”

“साफ आहे” ऐकून भाऊंनी डोळे मिटले. क्षणभर ते नुसते बाप होते. मग उघडून, सगळ्यांकडे पाहत, मुद्द्यावर आले. “आणि फी? किती लागली एवढ्या मोठ्या डॉक्टरची?”

“काईच नाई लागली. टीबीवाल्यायचं इथी सरकार फुकट पाहते, बाबा.”

जो शब्द त्यांनी दहा वर्षं स्वतःच्या घरातही उच्चारू दिला नव्हता तो खुर्च्यांवरून पलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला. भाऊंनी फोन कानाला लावला, पण स्पीकर बंद करायचा कुठून ते त्यांना सापडेना. रफीकभाई खुर्च्या एकात एक घालत होते.

“इथीबी फुकटच भेटते, भाऊ,” ते हात न थांबवता म्हणाले. “मी सहा महिने घेतल्या ना गोळ्या. सरकारी दवाखान्यातून.”

सरकारी दवाखाना त्या गोदामाच्या समोरच आहे.