आजाऱ्याचा वाटा

सावली गावातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी खुल्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र सुरू केलं, तेव्हा लोक हसले. विद्यापीठाचा शिक्का नाही, मग कागदाला किंमत काय? मी म्हणाले, "किंमत मी ठरवीन." अट एकच. सगळ्या जगाला मोफत असलेल्या एखाद्या प्रोग्राममधली चूक शोधायची, दुरुस्त करून इंटरनेटवरून पाठवायची आणि तो सांभाळणाऱ्या अनोळखी लोकांनी ती दुरुस्ती स्वीकारली पाहिजे. तेव्हाच माझी सही. वशिला आणि रडगाणं चालणार नाही.

पहिल्या तुकडीत सात पोरी, बहुतेक तलावावर मासे धरणाऱ्या घरांतल्या. एका प्रोग्राममध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची. पंधरा दिवस डोकं लावून पोरींनी ती चूक काढली आणि परदेशातून होकार आला. मी हरखलेच. मग पाठवलेला मजकूर नीट वाचला. काम करणाऱ्यांत सात नावं! सातवी तर हे सगळे दिवस मलेरियानं अंथरुणात होती. तिनं कीबोर्डला हातही लावला नव्हता.

माझं डोकं फिरलं. "हे खोटं आहे!"

"खोटं काऊन, मॅडम?" त्यांच्यातली मोठी म्हणाली. "आजारी माणूस जाळं वढाले येत नाई, तरी मासोळीचा वाटा त्याच्या घरी जातेच ना?"

मी सहाच कागदांवर सही केली. सहाही जणींनी ते टेबलावरच ठेवले. आश्रमशाळेत माझा कागद चालेल अशी कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती आणि तिची खरी गरज सातवीलाच होती. तिच्या घरी दुसरं कमावतं कुणी नव्हतं. मला वाईट वाटत होतं. पण एकदा ढील दिली असती, तर माझा कागद रद्दीत गेला असता.

चार दिवसांनी ती स्वतःच आली, गाल बसलेले. "मॅडम, मले कागद नोका देऊ. चूक द्या."

दिली. मुद्दाम अवघड दिली. आठवडाभर ती एकटी खपली, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. होकार आला तेव्हा मी आधी नावं पाहिली. काम एकटीचं आणि खाली नावं सातच्या सात.

या वेळी मी ओरडले नाही. सातव्या कागदावर सही करून तो तिच्या हातात दिला. पुढं आश्रमशाळेची जागा तिलाच मिळाली. पण त्या दिवशी तिनं टेबलावरचे सहा कागद उचलले आणि जिचा तिच्या घरी पोचवायला निघाली.