फिलोमिना टीचरचे दोन झगे

फिलोमिना टीचर काळ्या झग्यात शाळेत यायच्या, कपाटाआड जाऊन पिवळा झगा चढवायच्या आणि शाळा सुटली की पुन्हा काळा घालून घरी जायच्या. बघणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल. त्याला कारण मी होते.

चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मालवणात आम्हा दोघींची बालवाडी होती. टीचरना रंगांतलं फार कळे. नवीन रडकं पोर आलं की त्याच्या हातात पिवळा खडू. जेवणाच्या सुट्टीनंतर तांबडे कागद कपाटात बंद. म्हणायच्या, "तांबडो कागद दिलो की पोरां माकडां होतत, बाई. हिरव्यार कशी थंड रवतत." मी चेष्टा करायची, पण पोरं खरोखरच त्यांच्या म्हणण्यासारखी वागायची.

मग त्यांचा नवरा चार दिवसांच्या तापाने गेला. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत नवरा गेला की बायको वर्षभर काळं घालते. पंधरा दिवसांनी त्या काळ्या झग्यात आल्या, तेव्हा एरवी त्यांच्या मांडीवरून न उठणारी सुमी किंचाळत माझ्या पदराआड लपली. तिचं बघून बाकीचीही रडायला लागली. टीचर स्वतःच्या बाहीकडे बघत उभ्या राहिल्या.

मीच म्हटलं, "टीचर, शाळेपुरतो रंगीत झगो घाला. पोरांबरोबर जरा हसा."

"मांयक कळला तर?" मांय म्हणजे त्यांची सासू.

"मांय शाळेत खंय येता?"

पिवळा झगा दिसताच पोरं त्यांना पुन्हा चिकटली. मी स्वतःवर खूश होते. महिन्याभराने बडबडगीत घेताना टीचर खळखळून हसल्या. त्या दिवशी शाळा सुटल्यावर कपाटाआडून बाहेरच येईनात. जाऊन बघते तर काळा झगा छातीशी धरून रडत होत्या. "बाई, आज सबंध दिवस माका ह्येंची आठवण येवक नाय. ह्या पिवळ्यान माका भुलवल्यान."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

वर्ष सरल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मांयनेच निळ्या फुलांचा झगा इस्त्री करून खाटेवर ठेवला होता. "आठ दिस झाले, हात लावूक नाय," म्हातारी हळूच म्हणाली. टीचर काळ्यातच बसल्या होत्या.

"वरीस झाला, टीचर. चला आता," मी म्हटलं.

"नको, बाई. रंगीत घातला की लोक हस म्हणतत. काळ्यात माका कोण सांगणा नाय."

त्या पुन्हा शाळेत आल्या नाहीत. हसायला पहिल्यांदा सांगणारी मीच होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि तेच मला आजही सहन होत नाही.