नळावरची मामी

माझ्या मामीला होडी चालवता येत नाही, पोहता येत नाही, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की ती मागे फिरते. तरीही आमच्याकडच्या होडीवाल्यांत तिला जो मान आहे तो भल्याभल्यांना नाही, आणि तो सगळा एका नळामुळे.

मामा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. मागे टांगायची छोटी इंजिनं नव्हेत, होडीच्या पोटात बसवलेली. घराला लागूनच मोठं आवार आहे. तिथे होड्या लाकडी घोड्यांवर चढवलेल्या असतात. एका कोपऱ्यात मामांची हत्यारं, दुसऱ्या कोपऱ्यातल्या खोलीत माझं शिवणयंत्र. मी होड्यांची आच्छादनं आणि गाद्या शिवते, त्यामुळे या नवरा-बायकोची जुगलबंदी मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळते.

नळाचं प्रकरण असं. समुद्रात असताना इंजिन खालून पाणी ओढून घेतं आणि त्यावर थंड राहतं. होडी वर काढली की आतलं खारट पाणी धुऊन काढायला ते थोडा वेळ गोड्या पाण्यावर चालवावं लागतं, आणि हे पाणी आपणच पाजायचं असतं. पाण्याशिवाय चालवलं तर पंपातला रबरी पंखा बघता बघता जळतो. बरं, घाई करून इंजिन सुरू व्हायच्या आधीच नळ सोडला तरी घात. पाण्याला बाहेर ढकलणारा धूर नसतो, मग ते धुराच्या नळीत साचतं आणि उलटं इंजिनात शिरतं. म्हणून आधी किल्ली, लगेच नळ. बंद करताना आधी नळ, लगेच किल्ली. किल्ली होडीत, नळ भिंतीपाशी, मध्ये सगळं आवार. तेव्हा माणसं दोन हवीत. लग्न झाल्यापासून किल्लीवर मामा आणि नळावर मामी.

इंजिनाने धरलं, म्हणजे ते सुरू झालं, की मामा होडीतून हात वर करायचे आणि मामी नळ सोडायची. यात कधी चूक नाही. एकदा दोघांचा चांगला लांबलचक अबोला चालला होता. मामी तोंड फिरवून नळापाशी उभी राहायची, पण मामांचा हात वर गेलेला तिला पाठीला डोळे असल्यासारखा कळायचा. बाकी वेळी ती तिथून बडबडत असायची. भाजी महागली, शेजारणीचा जावई भांडून गेला, छत गळतंय. मामा इंजिनात डोकं घालून "हं, हं" करायचे. त्यांना त्यातलं काय ऐकू जायचं देव जाणे.

दुसरे कारागीर पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाची नळी बुडवतात. त्याबद्दल मामांचं मत एकच होतं, आळशांचं काम, त्याने इंजिन टिकत नाही. मामीने ते मत उचललं आणि वाढवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती ऐकवायची, "पिंप पुढ्यात ठेवून निघून जायचं? इंजिन आहे की म्हैस?" आमच्याकडेही एक निळं पिंप होतं. त्यात जुने दोर कोंबलेले असायचे.

मामी एकदाच बहिणीकडच्या लग्नाला गेली, तेव्हा नळावर कोपऱ्यावरचा दुकानदार उभा राहिला. त्याने उत्साहाच्या भरात मामा किल्ली फिरवायच्या आत नळ सोडला. इंजिनात पाणी गेलं, सगळं खोलावं लागलं, आणि होडीवाल्याने मामांना नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून मामी कुठे गेली नाही. "मी हलले की इंजिन बुडतं," असं ती सांगायची, त्यात रडगाणं किती आणि तोरा किती ते मला कधीच वेगळं करता आलं नाही.

यंदा लेकीचा फोन आला. माझी ही मामेबहीण फार लांब राहते, आणि तिचे दिवस भरत आले होते. नेमक्या त्याच सुमाराला सगळ्यांच्या होड्या धुवायला वर येतात.

"आई, तू येशील ना गं?"

"कशी येऊ बाळा? इथे रांग लागलीये. तुझ्या सासूबाई आहेत ना?"

फोन ठेवून मामी माझ्या खोलीत आली आणि मऊ कापडाची दुपटी शिवायला बसली. एकावर एक ढीग झाला. "पोस्टाने पाठवून देऊ," म्हणाली, आणि शिवण वाकडी गेली ती उसवत बसली. खिडकीबाहेर मामा बराच वेळ एकच बोल्ट पुसत होते. मला दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पिंपातले दोर काढून फेकले, पिंप खळबळून धुतलं आणि धुवायला आलेल्या एका होडीला लागून वीट-लाकडांच्या चौथऱ्यावर ठेवलं. मग मामीला हाक मारली. मामी सवयीने नळाकडे वळली.

"तिकडे नको. इथे उभी राहा."

मामांनी नळाचा पाइप पिंपात सोडला. पिंप भरून वाहू लागल्यावर त्यात इंजिनाची नळी बुडवली. इंजिनावरचं झाकण उघडून आत कोंडलेला पेट्रोलचा वास जाऊ दिला, गिअर सुटा आहे ना ते पाहिलं, होडीखालच्या मोठ्या पंख्याजवळ कोणी नाही ना ते पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिनाने आपलं आपण पाणी ओढलं. मागून धुराबरोबर पाण्याच्या पिचकाऱ्या उडू लागल्या. थोड्या वेळाने मामांनी किल्ली बंद केली. ओढणं थांबलं, पिंप नुसतं वाहत राहिलं. कुठे काही बुडालं नाही, कुठे काही जळालं नाही.

मामी पिंपाकडे बघत राहिली.

"म्हणजे नळावर माणूस लागत नाही?"

"नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत आहे."

"त्या दुकानदाराने इंजिन बुडवलं तेव्हासुद्धा?"

"तेव्हा पिंप काढलं असतं तर तुला कळलं असतं," मामा म्हणाले. ते फडक्याने हात पुसत होते, आणि हात कधीचे कोरडे झाले होते. "मला एकट्याने काम करायला आवडत नाही. तू तिथे बोलत असतेस, मला बरं वाटतं. पोरीकडे जा आता."

मामी घरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी कापडाकडे. संध्याकाळी मामीने बॅग भरली, दुपटी सगळ्यात वर ठेवली. निघताना ती नवऱ्याशी एकच वाक्य बोलली, "पिंप निम्म्यावर येऊ देऊ नका."

मामांचं काम झकास चाललं. पूर्वीपेक्षा लवकर आटपायचं. फक्त इंजिन धरलं की त्यांचा हात वर जायचा, आणि मग तो केसांतून फिरवून ते खाली घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, मी उभी राहू का नळापाशी?" म्हणाले, "तुला गप्पा कुठे मारता येतात." हे मला, जिच्या तोंडाला सगळं घर वैतागलेलं आहे.

नात झाली, तिने बाळसं धरलं, आणि एका दुपारी मामी परतली. पिशव्या खांद्यावर तशाच घेऊन ती थेट आवारात आली. मामा होडीत होते, पिंप भरून तयार होतं. मामीने पिशव्या ठेवल्या, पिंपाला दोन्ही हातांनी धक्का दिला आणि ते आडवं केलं. पाणी आवारभर पसरलं, माझ्या चपला वाहत दारापर्यंत गेल्या.

"अगं, भरलेलं होतं ते."

मामीने पिंप गडगडवत भिंतीपाशी नेलं, नळाशेजारी उपडं केलं आणि पदर खोचून त्यावर बसली.

"इतकी वर्षं उभं केलंत. आता मी बसून सोडणार. आणि नातीला तुमचे कान आलेत, बिचारी."

मामा खाली उतरले, पाइप नळापासून थेट इंजिनाला जोडला आणि पुन्हा वर चढले. किल्ली फिरली, इंजिनाने धरलं. मामा नळाकडे बघत तसेच उभे राहिले, हात वर करायचंच विसरले. मामीने तोवर नळ सोडला होता.