बाजार उठला

सुरुवातीलाच माफी मागतो. शेअर बाजारावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. त्यासाठी वय लागतं, अनुभव लागतो, निदान चार शेअर तरी नावावर लागतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकेत लिहिलं. तरीही लिहायला बसलो, कारण आमच्याकडे एका साध्या शब्दानं जो गोंधळ घातला तो मला अजून पुरता उलगडलेला नाही. लिहिताना थोडाफार उलगडेल असं वाटतं.

आमचं गाव दिघोरीजवळ आहे. बाबा धानाची शेती करतात. आई आठवडी बाजारांत मुरमुरे-फुटाणे विकते. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असा तिचा आठवडा असतो. मी एम.कॉम.ला असताना नागपूरच्या एका छोट्या इन्व्हेस्टमेंट बँकेत मला शिकाऊ म्हणून सहा महिन्यांसाठी घेतलं. बाबांनी विचारलं, तिथं खातं उघडता येतं का. मी नाही म्हटलं. कर्ज देतात का, तर तेही नाही. मग बँक कायची, असं म्हणून ते धानाच्या बांधीकडे, शेतात निघून गेले. मलाही नीट सांगता आलं नसतं.

काम असं होतं. एखाद्या कंपनीला वाढायचं असतं, त्यासाठी भांडवल हवं असतं. ती आपले शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढते. याला ऑफिसात नुसतं 'इश्यू' म्हणत. तो बाजारात आणण्याची सगळी तयारी आमचं ऑफिस करायचं, आणि लोकांनी शेअर घेतलेच नाहीत तर ठरलेला वाटा स्वतः उचलायची हमीही द्यायचं. मला वाटलं होतं तिथं माणसं दोन-दोन फोन कानाला लावून ओरडत असतील. प्रत्यक्षात माणसं दिवसभर वाचत बसायची. इतकं शांत की माझ्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मलाच मोठा वाटायचा.

मी एका मॅडमच्या हाताखाली होतो. त्या मूळच्या नागपूरच्या, बोलायला कडक, पण प्रश्न विचारले की चिडायच्या नाहीत. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम एका राइस मिलचं होतं, आणि मिल होती आमच्याच भंडारा जिल्ह्यातली, पवनीच्या रस्त्यावरची. त्या दिवसापासून ऑफिसात मला कोणी नावानं हाक मारली नाही. 'ए राइस मिल, चहा घेतो का?' असंच चालायचं.

मॅडमनी मला प्रॉस्पेक्टसमधलं, म्हणजे इश्यूच्या माहितीपुस्तकातलं, जोखमीचं प्रकरण लिहायला बसवलं. हे प्रकरण म्हणजे मला मोठं नवल वाटलं. शेअर विकायला काढलेल्या कंपनीनं आपल्यात काय काय वाईट होऊ शकतं ते स्वतःच छापायचं. पाऊस कमी झाला तर धान मिळणार नाही, एकच मोठं गिऱ्हाईक आहे, ते गेलं तर पंचाईत, मशीन जुनी आहे. आमच्याकडे पोरीला पाहायला पाहुणे आले तर घरचे असं काही सांगतील का, असं मी मॅडमना म्हटलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर निम्मे संसार टिकले असते.

मिलच्या मालकांना मात्र हे पटलं नाही. आम्ही कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, आमचीच बदनामी आमच्याच खर्चानं छापून राहिले तुमी?"

"छापली नाही तर लोक स्वतः शोधतात, मालक. मग जास्त शोधतात," मॅडम म्हणाल्या.

मालक मनात कच्चे होते, हे मला त्याच दिवशी दिसलं. त्यांचा साळा आणि ओळखीचे दोन ठोक व्यापारी मोठे अर्ज करणार होते, आणि इश्यूचा बराचसा धीर त्या तिघांवर होता. माझाही होता. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, इश्यू भरला तर ऑफिसला आणखी माणूस परवडेल आणि तो माणूस तू असशील. नाही भरला तर नाही. 'भरला' म्हणजे जेवढे शेअर विकायचे तेवढ्याला पुरेसे अर्ज आले. माझं पुढचं सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

आणि इश्यू तोंडावर आला असताना बाजार कोसळला. परदेशात कुठं तरी काही झालं होतं. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या मागं उभा राहून मिलचा विचार करत होतो. काल होतं तेवढंच धान आज गोदामात होतं, तीच मशीन चालू होती, हमाल तेच होते. मग पडलं काय? मी धीर करून मॅडमना विचारलं, एवढं मोल गेलं म्हणतात, ते गेलं कुठं?

त्या म्हणाल्या, कुठंच गेलं नाही. भाव म्हणजे दोन माणसांचं शेवटचं बोलणं. आधी कोणी शंभराला घेतो म्हणत होता, आता म्हणत नाही, एवढंच.

मला ते पुरलं नाही. मी विचारलं, मग बाजार स्थिर आहे असं कधी म्हणायचं? भाव हलत नाही तेव्हा?

"भाव हलायलाच पाहिजे रे. विकायला आलेल्याला घेणारा सापडतो तोपर्यंत बाजार जागेवर आहे. घेणाराच दिसत नाही तेव्हा घाबरायचं."

मग त्यांनी सांगितलं की आमच्यासारख्या छोट्या इश्यूत एक जण खास त्यासाठीच नेमलेला असतो. त्यानं रोज दुकान मांडून बसायचं. घ्यायचा भाव बोलायचा आणि द्यायचा भावही बोलायचा, गिऱ्हाईक येवो न येवो. माझ्या डोळ्यांपुढं एकदम आई आली, पोतं अंथरून बसलेली. पण हे मी मॅडमना बोललो नाही. उगाच मोठं केल्यासारखं झालं असतं.

इकडं आईनं टीव्हीवर बाजार कोसळल्याचं पाहिलं होतं आणि ती रोज फोन करत होती. दोन-तीन दिवसांनी बाजार सावरला. ऑफिसात जो तो 'मार्केट उठलं, मार्केट उठलं' म्हणत होता. मला वाटलं, आईचा जीव लगेच भांड्यात पडावा. 'मार्केट' तिला परकं वाटेल म्हणून मी तो शब्द तेवढा बदलला.

"आई, काळजी नको करू. आज बाजार उठला."

पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती हळूच म्हणाली, "उठला? पुरा?"

"पुरा उठला," मी खुशीत म्हणालो. तेवढ्यात फोन कटला. आमच्याकडे रेंज तशीच आहे.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे बाजार भरतो आणि संध्याकाळी उठतो, हे रोजचंच आहे. पण 'पुरा उठला' म्हणजे वेगळं. शेजारच्या गावचा बाजार असाच उठला होता. कांदे-बटाटेवाला पाय मोडून घरी बसला, मग मिरची-मसाल्याची बाई यायची बंद झाली, ती नाही म्हणून गिऱ्हाईक कमी झालं, गिऱ्हाईक नाही म्हणून बाकीचे. आई शेवटपर्यंत जायची. एका आठवड्यात ती एकटीच बसली होती आणि समोर गाई फिरत होत्या. तो बाजार पुन्हा भरला नाही. आईच्या तोंडी 'बाजार उठला' म्हणजे ते.

दुसऱ्या दिवशी आईनं कोणाला न विचारता बस धरली आणि थेट राइस मिल गाठली. पोराचं काम गेलं, आता त्याला जवळपास काही तरी बघायला हवं, एवढाच तिचा हिशेब. मिलचा मालक पोराला ओळखतो हे तिला माहीत होतं. त्यानंतर काय झालं ते मला आई, मालक आणि मॅडम अशा तिघांकडून तीन प्रकारे ऐकायला मिळालं, पण एवढं नक्की की तिनं मालकांना मुनीमाच्या हाताखाली जागा आहे का विचारलं, आणि काहून म्हणून विचारल्यावर सांगितलं, "त्याचा नागपूरचा बाजार पुरा उठला, मालक. रात्री त्यानंच सांगतलं."

मालकांनी तिला चहा पाजला. मग आत जाऊन साळ्याला फोन लावला. साळ्यानं व्यापाऱ्यांना लावला. दुपारपर्यंत तिघांनीही अर्ज करणार नाही म्हणून कळवलं, आणि मालकांनी मॅडमना विचारलं की तुमचं ऑफिस बंद होऊन राहिलं अन् आमाले पत्ता नाही, हा कोणता व्यवहार?

मॅडमनी मला आत बोलावलं.

"तुझी आई काय करते?"

"मुरमुरे विकते."

"आणखी काय काय विकते?"

मी सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. मी म्हटलं, मी आत्ताच फोन करून मालकांना समजावतो. त्या नाही म्हणाल्या. बंद नाही, बंद नाही असं फोनवर जितक्यांदा सांगशील तितकं ते बंद वाटेल, चल, तोंड दाखवून येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. कारध्याचा पूल ओलांडताना मी खिडकीबाहेर वैनगंगेकडे बघत होतो आणि विचार करत होतो की बाजार कोसळला तेव्हा ही तीन माणसं हलली नव्हती. परदेशातल्या बातमीनं जे झालं नाही ते आईच्या एका वाक्यानं झालं. बहुतेक कारण असं की परदेशातल्या माणसाला ते ओळखत नव्हते. असं सांगण्यात आईला काही फायदा नाही, हे त्यांना दिसत होतं.

मिलमध्ये मालकांनी साळ्याला आणि दोन्ही व्यापाऱ्यांना बोलावून ठेवलं होतं. मॅडमनी ऑफिसचं काही सांगितलंच नाही. घरी कसे आहात, धान कसं आहे, असं बोलत त्या निवांत बसल्या. शेवटी साळ्यालाच राहवलं नाही. त्यानं विचारलं, लोकांनी नाही घेतले तर तुमी घेणार हे खरं का? मॅडम म्हणाल्या, हमी दिली आहे, आमच्या वाट्याचे घ्यावेच लागतील. मग मालक माझ्याकडे वळले.

"तू सांग रे. तुझा बाजार उठला का नाही?"

"उठला नाही, मालक. वर गेला."

"मंग वर गेला म्हणावं ना. मायबोली विसरला का सहा महिन्यांत?"

सगळे हसले, व्यापारीही.  मालक म्हणाले, या तिघांशी मी पुन्हा बोलून बघतो. वचन कोणीच दिलं नाही. परतताना मॅडमनी ठरवलं की इश्यू थोडा पुढं ढकलायचा, बाजार आणि माणसं दोन्ही जरा निवू द्यायची.

पण तोवर माझे सहा महिने संपले. मॅडम म्हणाल्या, घरी जा, भरला तर बोलावते. मी पेटी घेऊन गावी आलो. आई दारातच होती.

"मी म्हणलं नव्हतं?" ती म्हणाली. आता तिला काय समजावणार? मी खरंच घरी येऊन राहिलो होतो.

ते आठवडे मी आईबरोबर बाजारोबाजार फिरलो. पोती उचलायची, पुडे बांधायचे. मनात मात्र मॅडमचं ते रोज दुकान मांडणाऱ्याचं बोलणं घोळत होतं. एका पावसाळी बाजारात आजूबाजूची निम्मी दुकानं आली नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं, ताडपत्रीतून पाणी गळत होतं. मी आईला विचारलं, अशा दिवशीही तू काहून येते? मला काहीतरी मोठं उत्तर ऐकायचं होतं, हे कबूल करतो.

"नाही आली तर जागा जाते ना रे," ती म्हणाली. "तो चिवडेवाला टपूनच आहे."

मी त्यावर बराच वेळ विचार केला. शेजारच्या गावच्या बाजारात तिची जागा कोणी घेतली नाही, तरी बाजार उठलाच. मग एकट्यानं बसून बाजार टिकतो की नाही? मॅडमना विचारायचं म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

इश्यू उघडला तेव्हा तीन दिवस अर्ज येणार होते. पहिल्या दिवशी तळ्याच्या पाळीवर चढून मी फोनवर आकडा पाहिला. फार थोडा होता. दुसऱ्या दिवशीही निम्म्यापर्यंत पोचला नव्हता. त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या ताटात भात जास्त वाढायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दिघोरीचा बाजार होता आणि फोनला रेंज अजिबात नव्हती. मी सारखा हात उंच करून बघत होतो. चिवडेवाला म्हणाला, कोणाले सलाम करून राहिला रे?

उन्हं उतरली. लोक पोती गुंडाळू लागले. तेवढ्यात राइस मिलची गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबली आणि मिलचे मुनीम उतरून आमच्याकडे आले. त्यांनी आधी हमालांसाठी मुरमुरे मागितले. आई मापानं घालत असताना ते तिला म्हणाले, "मालकानं निरोप देल्ला. भरला म्हणून सांगा."

आईनं माप हातातच धरून त्यांच्याकडे पाहिलं. "बाजार तर सकाळीच भरला. आता उठून राहिला."

"हा नाही, बाई. पोराचा. साळे अन् व्यापारी, तिघायनंही दुपारी अर्ज टाकले, मंग बाकीचेही आले." मग ते माझ्याकडे वळले. "नागपूरच्या मॅडम मघापासून तुले फोन लावून राहिल्या, लागत नाही म्हणे. सोमवारी बोलावलं. पक्क्या कामावर."