पाहुण्यांसमोर सांगितलेली मिळकत

बाळांनो, तुमच्या आईने फोनवर सांगितले की शिक्षणाच्या मदतीसाठी विद्यापीठाने घरची मिळकत विचारली आणि तुम्हा दोघांना ते फार लागले. तेव्हापासून तुमच्या या आजीला शेजारच्या ओटीवरची एक दुपार आठवते आहे.

भाताची लावणी उरकली होती. खाचरांवर धुके उतरले होते आणि त्यावर हिंजवडीच्या उंच इमारती नुसत्याच तरंगत होत्या, खाली जमीन नसल्यासारख्या. अशा हवेत माणसांचे आवाजही लांबून आल्यासारखे वाटतात.

शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलीला पाहायला मारुंजीकडचे पाहुणे आले होते. घरात एखादे शिकलेले माणूस दिसावे म्हणून मलाही बोलावले होते. धाकटीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता, पण फी माफ झाली तरच ती जाणार होती, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत होता. त्या दाखल्याच्या चौकशीला तलाठी नेमके त्याच वेळी मोटारसायकलवरून आले. बरे झाले घरीच भेटलात, म्हणाले, आणि सगळ्यांदेखत मिळकत विचारली.

मुलींच्या वडिलांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "भात हाय, भाड्याच्या खोल्या हायेत, मी कंपनीत हाय. काय कमी न्हाई, भाऊसाहेब."

मुलाच्या आईने समाधानाने पदर सावरला. तलाठी लिहू लागले. दाराआड उभ्या असलेल्या धाकटीचा चेहरा मला दिसत होता. मी काही बोलावे की नाही, हे ठरवेपर्यंत थोरली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने तो शांतपणे खाली ठेवला.

"भाऊसाहेब, खोल्या चुलत्याच्या हायेत. भात खाण्यापुरतंच होतं. बाबा घोटावड्याच्या कंपनीत रोजंदारीवर जातात. तेवढंच लिवा."

"तू चहा दे," वडील म्हणाले.

"देते की. आधी त्यांना लिवू द्या."

तलाठ्यांनी आधीचे खोडले. थोरलीने मग सगळ्यांना चहा दिला. मुलाची आई हलकेच म्हणाली, "पोरगी बोलकी हाय," आणि त्यात कौतुक नव्हते. पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले आणि धुक्यात विरून गेले. कळवले नाही.

संध्याकाळी मुलींचे वडील माझ्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "बाई, माणसांत लई हलका झालो का वो मी?" मी नाही म्हटले. त्यांना ते पटले नसावे. पुढे कितीतरी दिवस ते थोरलीशी मोजकेच बोलत. ती मात्र रोज त्यांचा डबा भरून देत होती.

दाखला मिळाला. फी माफ झाली. धाकटी सकाळी बसने जाते तेव्हा रस्ता अजून अर्धा झोपेत असतो, आणि खिडकीतून पाहताना मला उगीच वाटते की तुमच्यातलेच कुणीतरी चालले आहे.

गेल्या महिन्यात थोरलीला दुसरे स्थळ आले. मला पुन्हा बोलावणे होते. पाहुणे चपला काढत होते, तोच वडील पुढे झाले.

"धाकटी आमची फीमाफीवर शिकते. मिळकत कमी हाय आमची. चालत असंल तर बसा."

मुलाच्या वडिलांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, आणि खुर्ची ओढून बसले.